ओट्याला चिकटलेल्या सहा बशा

माझ्या सासूबाईंच्या चिनी मातीच्या सहा बशा मी काठीच्या एका फटक्यात फोडल्या. नेम माकडावर होता. माकड सुखरूप आहे.

जव्हारला राहणाऱ्या माणसाला माकडाविषयी काही सांगावे लागत नाही. ते फणसावरून आले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरले, फळीवर बसले आणि माझ्या वाटणीची नाचणीची भाकरी माझ्याकडे पाहत खाऊ लागले. चोरी मी सहन केली असती. पाहणे सहन झाले नाही. मी रागीट मनुष्य नाही. (हे वाक्य आमची सौ. मालती वाचील तेव्हा चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचील.) काठी फिरली. माकड उडाले. फळी कोसळली.

पांढऱ्या बशा, काठाला निळ्या फुलांची वेल. मालतीच्या आईच्या वस्तूंपैकी तिच्याकडे एवढेच उरले होते. या बशांतून तिने कधी कोणाला चहा दिला नाही. मलाही नाही. तिने खाली बसून एकेक तुकडा सुपात वेचला आणि मोजला. एकशे चौदा भरले.

"फुटकी भांडी घरात ठेवू नयेत," मी म्हणालो. काहीतरी म्हणणे आवश्यक होते.

"घरात नाहीच ठेवायची. अंगणातल्या ओट्यावर बसवा. वेलीची नक्षी करा. फुलं दिसली पाहिजेत. पावसाच्या आत."

"आणि पावसात निखळले तर?"

"तर मला काही बोलायचं नाही, अहो."

बेचाळीस वर्षांच्या संसारात याहून भीतिदायक वाक्य मी ऐकलेले नाही.

माझी उभी हयात बांधकामावर देखरेख करण्यात गेली. जव्हारपासून मोखाड्यापर्यंतच्या मोऱ्या, शाळाखोल्या आणि संरक्षक भिंती यांत मी किती मिस्त्रींना रडवले, याची मोजदाद नाही. अशा माणसाने बशीचे तुकडे चिकटवायचे! मी तडक बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर एक तरुण मोबाइल पाहत बसला होता.

"चिकटवायला काहीतरी पक्के द्या."

"कशावर चिकटवायचंय, काका?"

"मी तुमचा काका नाही. ओट्यावर."

"आतला ओटा की बाहेरचा?"

"ओटा कधी घरात असतो का?"

"स्वयंपाकाचा असतो ना, काका."

(उत्तर बरोबर होते. म्हणूनच संताप आला.)

त्याने टाइल चिकटवायच्या पावडरीची गोणी दाखवली. वीस किलोची!

"सहा बशांना वीस किलो? मी काय धर्मशाळा बांधतो आहे?"

"याहून लहान येत नाही. बाहेरच्या कामाला हेच लागतं."

"ती पांढऱ्या डिंकाची बाटली द्या."

"ते सुतारकामाचं आहे, काका. लाकडाला."

"बाटलीवर छत्री काढली आहे."

"छत्री आहे. म्हणजे बाटली छत्रीखाली ठेवायची."

त्याच्या वयाच्या कनिष्ठ अभियंत्यांना मी यापेक्षा कमी बोलण्यावरून मेमो दिलेले आहेत. बाटली घेतली आणि निघालो.

कामाला बसलो, तोच कुंपणापाशी काशिनाथ थांबला. काशिनाथ साखरशेतचा. एके काळी तो माझ्या देखरेखीखाली खडीच्या पाट्या उचलत असे. आता आठ महिने ठाण्याला मोठमोठ्या इमारतींत फरश्या बसवतो आणि शेतीच्या वेळेला गावी येतो. त्याने बाटली पाहिली, ओटा पाहिला आणि आकाशाकडेही पाहिले.

"साहेब, यो पांढरा डिंक? बाहेर?"

"होय."

"पानी लागला का विरघळतो ना यो."

"काशिनाथ, तू पाट्या उचलत होतास तेव्हा मी नकाशे तपासत होतो."

"हां साहेब," तो म्हणाला आणि चालू लागला. 'हां साहेब' इतके उद्धट उत्तर दुसरे नाही. त्यावर कारवाई करता येत नाही.

दोन दिवसांत मी एकशे चौदा तुकडे बसवले. वेल वळणदार न होता हमरस्त्यासारखी सरळ झाली. परंतु रस्ता सरळच असावा, या मताचा मी आहे. त्यानंतर मी जे केले, ते बांधकामावर आयुष्य घालवलेला माणूसच करू शकतो. मी पाणी मारले.

काम झाले की त्यावर पाणी मारायचे, हा माझा धर्म आहे. "पाणी मारले का?" हा एकच प्रश्न मी तालुक्यातल्या प्रत्येक गावात विचारला. जामसरला तर शाळेतली पोरे मला पाहून तो ओरडत असत. माझ्या स्वतःच्या कामावर पाणी मारले नाही, असे कोणी म्हणता कामा नये! मी ओल्या गोणपाटांनी ओटा झाकला आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ झारीने भिजवत राहिलो. शास्त्रोक्त.

चौथ्या दिवशी सकाळी मालतीने हाक मारली.

"अहो, जरा बाहेर या. ओटा दूध देतोय."

गोणपाटाखालून पांढरे ओघळ तुळशीपर्यंत गेले होते. गोणपाट ओढले, तेव्हा सासूबाईंची वेल त्याच्याबरोबर सावकाश उत्तरेकडे सरकली. पहिला तुकडा माझ्या चपलेवर पडला.

मालतीने सूप आणले. तुकडे धुतले, मोजले. एकशे चौदा. ती काही बोलली नाही. बोलायचे नाही, असे तिने आधीच कळवले होते.

मी त्या दुकानात परत गेलो.

"ती वीस किलोची गोणी द्या."

"बाहेरच्यासाठीच ना, काका?"

मी पैसे मोजले. गोणी रिक्षात टाकली. गोणीवर पाच भाषांत सूचना छापलेल्या होत्या. ज्याने हयातभर निविदांमधल्या अटी वाचल्या आणि ठेकेदारांना वाचायला लावल्या, त्याने गोणी वाचत बसायची? वाचली नाही. पावडर कालवली, तुकडे बसवले आणि या वेळी पाण्याचा थेंबही लावला नाही. चौथ्या दिवशी काम लोखंडासारखे झाले. मी मालतीला मुद्दाम बोलावले.

"पाहा. आता यावर हत्ती नाचला तरी..."

खात्री पटवण्यासाठी मी काठीने एक टोला दिला. हलकाच.

अख्खी नक्षी तव्यावरची भाकरी सुटावी तशी एका कडेने उचलली गेली, क्षणभर उभी राहिली आणि फरसबंदीवर आदळली. तिच्या पाठीला पांढरा पापुद्रा होता. दर दिवाळीला मी ओट्याला चुना देतो; सोळा दिवाळ्यांचा चुना नक्षीबरोबर निघून आला. पावडरीने चुना इमानाने धरला होता. चुन्याने ओटा धरला नव्हता. (गोणीवरची पहिलीच सूचना होती: 'पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावा.' मी नंतर वाचली. पाचही भाषांत.)

मालतीने पुन्हा सूप आणले. एकशे आठ. सहा तुकड्यांचा चुरा झाला होता. तो चुरा तिने तळहातावर घेतला.

"आईचं एवढंच होतं हो माझ्याकडे," ती म्हणाली.

तिने आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. तिने चढवला नाही. आणखी एक चूक, आणि सुपात फक्त भुकटी उरणार होती. तेवढे गणित मला येते.

दुसऱ्या दिवशी मी साखरशेतला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. बारा माणसे, दोन कोंबड्या आणि माझा अपमान. काशिनाथ शेतात भाताच्या रोपांसाठी पालाफांद्या जाळून राब भाजत होता. धुरातून पुढे आला.

"साहेब! या, पानी घ्या."

"पाणी नको. ओटा पाहायला चल."

"कोनता ओटा?"

"तुला ठाऊक आहे कोणता."

"दूध देतो तो?"

(माझ्या आधी बातमी पोहोचली होती. तिला जीप लागत नाही.)

"होय. तोच."

त्याने हातातली फांदी खाली ठेवली. हसला नाही, हे मी नमूद करतो.

"उद्या येतो साहेब. पन एक बोलू? काम माजा. तुमी खुर्चीवर बसाचा."

"आणखी काही?"

"झारी बाईंच्याकडं द्याची."

तो आला. पहिला अर्धा दिवस त्याने नुसता ओटा खरवडला. खाली दगड-सिमेंट लागल्यावर तारेच्या ब्रशने घासून धुतला. मग मधोमध तांब्याभर पाणी ओतले. पाणी जागचे हलले नाही.

"साहेब, याला उतार नाय. पानी थांबला का सांध्यातून आत शिरतो, मंग कायपन लावा, सुटतोच. कोनी बांदला ओटा?"

ओटा मी बांधला होता.

"एका मूर्खाने," मी म्हणालो.

"जुना मिस्त्री आसल."

"होय. निवृत्त झाला आहे."

आत मालतीला खोकला आला. तो खोकला नव्हता.

काशिनाथने उताराचा थर दिला आणि तो वाळू दिला. (त्यावर पाणी मारले गेले. मालतीने मारले. मी खुर्चीवर होतो.) मग माझी उरलेली गोणी उघडली आणि पिशवीतून एक पांढरी बाटली काढली.

"पुन्हा डिंक?" मी उठलो.

"बसा साहेब. यो डिंक नाय. पावडरीत पान्याच्या जागी कालवाचा. उन्हात ओटा फुगतो, थंडीत आवळतो. माल जरा लवला पायजे. जास्ती कडक झाला तर पयला तडा त्यालाच जातो."

तो मालाविषयी बोलत होता, असे मी गृहीत धरले. मालतीने तसे धरले नसावे. ती माझ्याकडे पाहत होती.

वेल तिने मांडली. कमी पडलेल्या सहा तुकड्यांच्या जागी तिने वळण घेतले. माझ्या रस्त्यापेक्षा ते वळण बरे दिसले. दोघे बोलत होते, माझ्याशी कोणी बोलत नव्हते.

"बाई, दोन तुकड्यांत फट ठेवा. अंगाला अंग लागला का फुटतात."

"किती ठेवू?"

"करंगळीच्या नखाइतकी. मंग त्यात बारीक वाळूवाला माल भरू. नुसता पांढरा सिमेंट भरला तर भेगा पडतात."

"माणसांतही तेवढी ठेवावी बाबा!" ती म्हणाली आणि दोघे हसले. ती तीन आठवड्यांनी हसली होती, म्हणून मी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी एक तुकडा उरला. वेलीच्या टोकाचा.

"हा तुम्ही लावा," मालती म्हणाली.

मी उठलो. सन्मान लहान होता, परंतु मी तो विधिपूर्वक स्वीकारला. माल लावता लावता काशिनाथचा थर मला पातळ वाटला आणि मी त्याला थराच्या जाडीविषयी चार शब्द सुनावले. गप्प राहण्याचा तो माझा तिसरा दिवस होता. चाराचे चाळीस झाले असतील. त्याच्याकडे रोखून पाहत मी तुकडा जागेवर दाबला. चांगला अंगठ्याने दाबला. आभाळ भरून आले होते, म्हणून लगोलग स्वतःच्या हाताने ताडपत्री अंथरली आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. कामात कसूर नाही.

पाऊस आला नाही. एक दिवस मध्ये जाऊ देऊन काशिनाथ सांधे भरायला आला, त्याने ताडपत्री काढली आणि तो वेलीच्या टोकाशी वाकला.

"साहेब, यो शेवटचा उलटा हाय."

"अशक्य."

"फूल खाली गेला. वर बुडाचा शिक्का दिसतो."

मी पाहिले. एकशे सात तुकड्यांची निळी फुले आकाशाकडे पाहत होती. एक ओट्याकडे पाहत होते. मी पेचकस आणला. कडेला घातला. जोर लावला. पेचकस वाकला.

"आता नाय निघाचा, साहेब. तो काढाचा तर ओटा फोडाय लागल. धरला त्यानं."

"मग फोड!"

"नको," मालती म्हणाली. ती खाली वाकून तो तुकडा बराच वेळ पाहत होती. तिने त्यावर बोट फिरवले. "असू दे, काशिनाथ. सगळी हसतायत, आणि एक जण पाठ करून बसलाय. घरातलाच वाटतो."

काशिनाथ घाईघाईने माल कालवू लागला. त्याची पाठ हलत होती. त्याने सांधे भरले, ओल्या स्पंजाने तुकड्यांवरचा माल पुसून घेतला, आणि जाताना झारी मालतीच्या हातात दिली.

त्यानंतर जव्हारचा पाऊस चार महिने पडला. कुंपण पडले. छपराचे दोन पत्रे गेले. मी बांधलेल्या एका मोरीविषयी मोखाड्याकडून काही ऐकू आले, त्याची चर्चा येथे अनावश्यक आहे. ओट्यावरचा एकही तुकडा हलला नाही. उन्हाळा आला, तरी हलला नाही. मालती आता रोज सकाळी तिथे चहा घेते. शिरपामाळ पाहायला आलेले लोक वाट विचारायला थांबतात आणि नक्षीचे फोटो काढतात. ती त्यांना शेवटचा तुकडा बोटाने दाखवते आणि मग खिडकीत बसलेल्या माझ्याकडे बोट करते.

बाहेरच्या कामाला टिकाऊ माल कोणता, असे हल्ली लोक मला विचारतात. मी लेखी द्यायला तयार आहे. दुपारी मालतीचा डोळा लागला की मी पेचकस घेऊन ओट्यावर जातो आणि तासभर प्रयत्न करतो. माल अत्युत्तम आहे. तिसरा पेचकस चालू आहे.