सलून बंद झालं तेव्हा

इथे आखातात, शहरातल्या मिरकाब भागात ज्या सलूनमध्ये मी फोन घ्यायचे, ते महिन्याभरात बंद होणार हे आम्हाला एका रविवारी सकाळी कळलं. सलून चालवणाऱ्या मॅडम लेबनॉनच्या आणि केस कापणारी माझी मैत्रीण मोरोक्कोची. दोघी अरबी बोलायच्या, एकत्र जेवायच्या, म्हणून दोघींची परिस्थितीही सारखीच असेल असं मी धरून चालले होते.

मॅडमची सगळी बचत त्यांच्या देशातल्या बँकेत अडकलेली. ते सांगताना त्या रडल्या, पण लगेच म्हणाल्या, "भाऊ पॅरिसला बोलावतोय. तिथे त्याचं दुकान आहे." नंतर चहा करताना मैत्रिणीने मला हळूच विचारलं, "महबूलात तुझ्या बिल्डिंगमध्ये कुणाला घरी येऊन केस कापणारी हवी असेल का?" गावी आई आणि दोन बहिणी तिच्याच पगारावर होत्या. तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, याच नोकरीवर होता. माझाही.

"विचारते," म्हटलं खरं, पण परवान्याबाहेरचं असं काम इथे बेकायदेशीर, ती पकडली गेली तर माझंही नाव येईल या धास्तीने मी कुणाला विचारलंच नाही. तिने दोनदा आठवण करून दिली, दोन्ही वेळा विचारलंय म्हणून मी खोटं बोलले.

अखेर मॅडमनीच तिला रिग्गईतल्या ओळखीच्या सलूनमध्ये कमी पगारावर लावून दिलं, आणि त्या पॅरिसला गेल्या. मला अजून काही मिळालेलं नाही. इकाम्याची मुदत संपत आली आहे, आणि मैत्रिणीला फोन करायचं धाडस होत नाही.