नानांचा फ्लेक्स आणि त्यामागचं हॉटेल

"दादा, तू मार्केटिंग शिकवतोस ना?" असं वंदनाने फोनवर विचारलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. वंदना माझी धाकटी बहीण. आम्ही मूळचे मंचरचे. ती लग्न होऊन पिंपरी पेंढारला गेली आणि मी पुण्यात कॉमर्सचा प्राध्यापक झालो. दर शनिवारी मी छोट्या व्यावसायिकांना विपणन आणि नियोजनाची मूलतत्त्वे शिकवतो. आयुष्यात मी एक पेन्सिलही विकलेली नाही. वर्गात हे अजून कुणी विचारलेलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलेलं नाही.

वंदना आणि तिचा नवरा संजय यांनी पाडव्याला कल्याण-नगर रस्त्यावर, घरच्याच जमिनीत, 'हॉटेल आपुलकी' सुरू केलं होतं. संजय भोसरीच्या एका कंपनीत फिटर. मे अखेरपर्यंत त्याने बिनपगारी रजा टाकली होती. तोवर हॉटेल चाललं नाही तर परत भोसरी, परत ती दहा बाय बाराची खोली, आणि मुलीचं नाव तिथल्याच शाळेत. "गिऱ्हाईकच थांबत नाही रे," वंदना म्हणाली. "येऊन एकदा बघ." मी तीन दिवसांची रजा काढली आणि चार्ट पेपरची गुंडाळी बगलेत मारून निघालो.

शिवाजीनगरहून नाशिककडे जाणारी कुठलीही एसटी आळेफाट्याला सोडते. तिकीट शंभराच्या बरंच आत. सकाळी लवकर निघा, नाहीतर चाकणच्या चौकात ट्रकांच्या मागे बसून राहावं लागेल. डावीकडची खिडकी धरा. खेडचा घाट चढताना वारा लागतो. मंचरला चहापुरती बस थांबते. आमच्या जुन्या आळीकडे जाणारा रस्ता मला स्टँडवरून दिसायचा. या वेळी तिथे एका तरुणाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा होत्या. वर बारा मान्यवर, खाली तीस शुभेच्छुक, आणि एका कोपऱ्यात गॉगल घातलेलं तान्हं बाळ.

हे फ्लेक्स नावाचं प्रकरण आमच्या भागात नुकतंच आलंय, पण कांद्यापेक्षा जोमाने फोफावलंय. कळंब, नारायणगाव, पुढे आळेफाटा, सगळीकडे माणसं कानाला मोबाईल लावून माझ्याकडे बघत होती. नारायणगावला टोमॅटोच्या क्रेट्सचा डोंगर दिसला, पण तो विकणाऱ्या आडत्याची पाटी दिसली नाही. तिच्यापुढे कुणाची तरी निवड झाली होती. मी डायरीत लिहिलं : "या रस्त्यावर कोण कोण राहतं हे कळतं. काय मिळतं ते कळत नाही." वाक्य मला आवडलं. शनिवारी वर्गात वापरायचं ठरवलं.

आळेफाट्याला उतरून ओतूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. दहा रुपये, आणि मांडीवर दुसऱ्याची पिशवी. मी ड्रायव्हरला म्हटलं, "पिंपरी पेंढारला नवीन हॉटेल झालंय, तिथे सोडा."

"हॉटेल? न्हाई राव. नवीन काय झाल्यालं न्हाई तिथं."

डावीकडे एक अवाढव्य फ्लेक्स गेला, गॉगल घातलेल्या एका भारदस्त माणसाचा. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"दूध सोसायटीचे चेअरमन. नाना. वाढदिवस असंल."

जीप गावाबाहेर गेली. मी उतरलो आणि उन्हात मागे चालत आलो. त्या फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या शेवटच्या रांगेखाली, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : हॉटेल आपुलकी, शुभारंभ. फ्लेक्सला वळसा घालून मागे गेलो तेव्हा हॉटेल दिसलं. निळा ओटा, चार टेबलं, लिंबाची गार सावली. ओट्यावर वंदना भाकरी थापत होती.

"सापडलं का?" ती म्हणाली.

"पहिल्यांदा पुढे गेलो."

"सगळेच जातात."

नाना म्हणजे संजयचे चुलते. रस्त्याकडेची जागा सामाईक होती आणि नानांनी हो म्हटलं म्हणूनच हॉटेल उभं राहिलं. फ्लेक्सही त्यांनीच स्वखर्चाने, प्रेमाने लावला. मधोमध ते, भोवती सगळी भावकी. कुणाचा फोटो राहिला तर वर्षभर बोलणं बंद, म्हणून कुणाचाच राहिला नव्हता. राहिलं होतं ते हॉटेल.

त्या दिवशी दुपारी मी पाहणी केली. गिऱ्हाईक नव्हतं असं म्हणता येणार नाही. चारही टेबलं भरलेली होती. संजयचा चुलतभाऊ बाळू मिसळ खात होता, बाळूचे मित्र पोहे खात होते, आणि प्रत्येक जण हात धुताना "लई झकास झालीय हां वैनी" असं म्हणून निघून जात होता. संजय मला हळूच म्हणाला, "घरच्यांकडून पैसे कसे घ्यायचे, दादा?" मी डायरीत 'ग्राहक समाधान : उत्तम' असं लिहिलं, मग ते खोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धकाचा अभ्यास ठरवला. माझ्या वर्गात हा तिसरा धडा असतो : गुपचूप जा, साधा गिऱ्हाईक बनून खा, निरीक्षण करा. संजयच्या मोटरसायकलवर आळेफाटा ओलांडून राजुरीला गेलो. तिथे रस्त्यालगत एक चांगला चालणारा ढाबा आहे. आम्ही कोपऱ्यात बसून मासवडीची थाळी मागवली. मासवडी शाकाहारी असते, नावाने दचकू नका. बेसनाच्या पातळ थरात तीळखोबऱ्याचं सारण आणि सोबत तिखट रस्सा. इतक्यात ढाब्याचा मालक आला. संजयला बघून ओरडला, "आरं, पेंढारचं पावणं! आवो, बाहेर या, कोण आलंय बघा!" तो संजयच्या मावशीचा दीर निघाला. मग भिंतीशी लपवलेल्या माझ्या डायरीसह आम्हाला आत नेण्यात आलं. वर शिरा झाला, रोज किती पीठ मळतो, मसाला कुठून आणतो, हे त्याने न विचारता सांगितलं, आणि पैसे काढले तेव्हा रागावला. निघताना मला टोपी आणि नारळ. गुप्त पाहणी इतकी यशस्वी झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्याच्या दारात मात्र एकच पाटी होती, त्यावर मोठ्या अक्षरांत 'जेवण'. मी संजयला ती दाखवली. त्याने मोटरसायकलला किक मारली.

दुपारी भावकीची बैठक. मी लिंबाच्या बुंध्याला चार्ट पेपर टाचला आणि त्यावर लिहिलं : आपला ग्राहक कोण?

"आमी," बाळू म्हणाला. "रोज येतो की."

हशा पिकला. मी समजावलं की आपला खरा ग्राहक म्हणजे कल्याणहून नगरला जाणारा माणूस. तो थकलेला आहे, भुकेला आहे, आणि तो नानांना ओळखत नाही.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "नानाला वळखत न्हाई? मंग त्याला कशाला जेवू घालायचं?"

नानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. नाना दांडगे आणि मनाने मोठे. "पावणं, तुमी बराबर बोलला. त्यो मला वळखत न्हाई. त्याला वळख व्हावी म्हणूनच तर बोर्ड लावलाय ना?"

वीस वर्षं शिकवतोय, पण याला उत्तर सुचेना. खरं म्हणजे सुचलं होतं : "नाना, फ्लेक्स काढा." एवढंच सांगायला मी पुण्याहून आलो होतो. मी म्हणालो, "फलकाच्या मांडणीचा पुनर्विचार करता येईल."

"म्हंजे दुसरा लावायचा," नाना म्हणाले. "पलीकडच्या बाजूला. बाण दाखवू हॉटेलाकडं. आन पावण्यांचा फोटो टाकू त्याच्यात, मार्गदर्शक म्हणून. खर्च माझा."

टाळ्या पडल्या. दुसरा फ्लेक्स जिथे येणार होता, तिथून हॉटेलात शिरायची वाट होती.

वंदनाने माझ्यापुढे चहा आदळला. "दादा, तू सांगायला आलायस का मिरवायला?"

संध्याकाळी संजयने मला येडगावच्या धरणावर नेलं. जरूर जा, सूर्य पाण्यात उतरतो तेव्हा काठावर कुणी नसतं, आणि धरणाला अजून कुणी शुभेच्छा दिलेल्या नाहीत. संजय दगडावर बसून म्हणाला, "दादा, सुपरवायझरचा फोन आला व्हता. एक तारखेला येतो का, विचारत व्हता. मी हो म्हणून टाकलंय. वंदीला अजून न्हाई सांगितलं." घरी परतताना वाटलं, चार्ट पेपरवर बाण आणि चौकोन काढणाऱ्या माणसाला एका काकांसमोर एक वाक्य धड बोलता येत नाही, तर तो शनिवारी नेमकं काय शिकवतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला आभाळ भरून आलं. वळिवाचं. गावात एकच पळापळ सुरू झाली, कारण कांदा काढून शेतात उघड्यावर पडला होता. आमच्या भागात पाहुण्यांना न सांगितलेला एक नियम मला त्या दिवशी दिसला. टांगलेला फ्लेक्स उतरवणं म्हणजे त्यावरच्या माणसाला चारचौघांत उठवून लावणं. पण तोच फ्लेक्स कांद्यावर टाकला तर कुणाला काही वाटत नाही. गतसालचे बहुतेक मान्यवर आज कुणाच्या ना कुणाच्या कांद्याच्या चाळीवर पालथे पडलेले आहेत.

नाना ट्रॅक्टरवरून घाईत चालले होते. वंदना पिठाच्या हातांनी रस्त्यावर गेली आणि आडवी उभी राहिली.

"नाना, ताडपत्री पुरंल का?"

"न्हाई ना पोरी, निम्मा ढीग उघडाच ऱ्हातोय."

"मग आमचा बोर्ड न्या की. एवढं मोठं कापड दुसरं कुठं मिळणार?"

नानांनी वर बघितलं. स्वतःच्या चेहऱ्याकडे. संजयने मान खाली घातली.

"आरं हां," नाना म्हणाले. "फोटोबी माझा, कांदाबी माझा. बाळ्या, चढ वर!"

बघता बघता दोऱ्या कापल्या, भावकी घडी होऊन ट्रॉलीत पडली, आणि रस्त्यावरून थेट हॉटेल दिसू लागलं. इतकं स्वच्छ दिसलं की वंदना स्वतःच रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि बघत उभी राहिली.

मी संजयला म्हटलं, "पत्रा आहे का? आणि ऑइलपेंट?" घोषवाक्य मी रात्रीच तयार ठेवलं होतं : 'आपुलकीची चव, नात्यांची ठेव.'

"ते राहू दे," वंदना म्हणाली. "लिही : मिसळ, पिठलं-भाकरी, चहा."

मी लिहिलं.

"आणि खाली लिही : गाडी लावायला सावली."

रंग ओला असतानाच एक सुमो थांबली. कल्याणचं कुटुंब, शिर्डीला निघालेलं. पोराला घाईची लागली होती, ड्रायव्हरला सावली हवी होती. मग पिठलं-भाकरी झाली, ठेचा परत मागितला गेला, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. हात पुसत गृहस्थांनी विचारलं, "आजच चालू केलंत का?"

"पाडव्याला," वंदना म्हणाली.

"कमाल आहे. आम्ही दोनदा गेलो इथून. आम्हाला वाटलं वाढदिवस आहे कुणाचा तरी. बायको म्हणालीसुद्धा, फारच लांबला हा वाढदिवस."

त्यांनी बिल विचारलं. संजय सवयीने "राहू द्या" म्हणणार होता, पण वंदनाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने पैसे घेतले. मग बाहेर जाऊन त्याने कुणाला तरी फोन लावला. आत आला तेव्हा म्हणाला, "एक तारखेचं न्हाई जमणार म्हणून सांगितलं." वंदनाने विचारलं, "कसलं एक तारखेचं?" आणि पुढचा अर्धा तास मी लिंबाखाली फिरत राहिलो.

पाऊस पडलाच नाही. दुपारी लख्ख ऊन पडलं आणि बाळू मोटरसायकलवरून हजर. "नाना म्हणत्यात, आभाळ निवळलं. बोर्ड परत लावू का?"

या वेळी मी स्वतः नानांच्या शेतावर गेलो. ढिगावर पसरलेला त्यांचा चेहरा बघितला. उन्हाने त्याचा लाल-पिवळा रंग उडून तो निळसर पडला होता. मी म्हटलं, "नाना, उन्हात असा फोटो दोन महिनेही टिकत नाही. तुम्ही आत हवेत. भिंतीवर, चौकटीत. माणूस पोटभर जेवला की निवांत बघेल. रस्त्यावर काय, तोंड वर करून निघून जातो."

नानांनी फ्लेक्सवर पडलेला एक कांदा उचलून बाजूला ठेवला. "आत म्हंजे, गल्ल्याच्या वर?"

"बरोबर वर."

"पावणं, हे शिकल्याल्या माणसाचं डोकं," ते म्हणाले.

मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं कारणही त्यात नव्हतं, हे मला परतीच्या बसमध्ये मंचर येईपर्यंत टोचत राहिलं. मंचरनंतर झोप लागली.

तुम्ही माळशेजकडे निघालात तर ओतूरच्या अलीकडे हॉटेल आपुलकी लागतं. खूण सोपी आहे : त्या पट्ट्यात जिथे कुणाचाच फोटो दिसणार नाही, तिथे थांबा. दोन माणसं शंभर रुपयांच्या आसपास पोटभर जेवतात. ठेचा जपून.

जूनमध्ये वंदनाचा फोन आला. मुलीचं नाव गावच्या शाळेत घातलं, भोसरीची खोली सोडली, सामान टेम्पोतून आलं. संजय आता बिल घेतो. बाळूकडूनही घेतो, पण बाळू अर्धंच देतो. भिंतीवर चौकट लागली आहे, मधोमध नाना आणि भोवती सगळी भावकी. लोक पाहुण्यांना आपला फोटो दाखवायला आणतात, आणि पाहुणे मिसळ मागवतात. हे माझ्या कुठल्याच धड्यात नव्हतं.

"आणि दादा, नाना ऐकत नाहीत. मार्गदर्शक म्हणून तुझा फोटो पाहिजेच म्हणतात. त्यांच्या आणि बेसिनच्या मधे जागा ठेवलीय."

मी म्हटलं, अगं, त्याची काही गरज नाही. व्यवसायात व्यक्तीपेक्षा माल महत्त्वाचा, असं मी नेहमी शिकवतो. ती म्हणाली, बरं, मग नको. मी म्हटलं, तसं नव्हे, नाना दुखावतील.

काल संध्याकाळभर जुने अल्बम काढून बसलो होतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला एक फोटो बरा आहे, टक्कल दिसत नाही. तो आज कुरियरने पाठवला. सोबत चिठ्ठी घातली : बेसिनच्या बाजूला नको, पाणी उडतं.