थांबवलेली वरात

तिसगावात माझं टीव्हीचं दुकान आहे आणि लग्नसराईत मी शूटिंगही करतो. माझ्या टीव्हीत मुंगीच्या मिशा मोजता येतात, असं मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. एक जण खरंच मुंगी घेऊन आला होता. तेवढ्यात लाइट गेली म्हणून अब्रू वाचली.

माझी ही कीर्ती ऐकूनच गावातली एक मावशी दुकानात आली. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली उलटून तिचा तरणा मुलगा गेला. मोबाईलचाही चुरा झाला, फोटो सगळे त्यातच. चुलतभावाच्या वरातीत मात्र तो नाचला होता आणि त्या वरातीचं शूटिंग मी केलं होतं.

"दादा, एक साफ फोटो काढून दे त्याचा. वर्षश्राद्धाला लावायचाय."

"एक काय मावशी, शंभर काढतो. पापणीचा केसन् केस दाखवतो."

दुकानातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर वरात लावली. डीजेचा गोंगाट नको म्हणून आवाज बंद केला. पोरगा अगदी सफाईदार नाचत होता. चित्र थांबवलं, तर त्याच्या तोंडावर फणीचे दाते उमटलेले.

चूक माझीच. कॅमेऱ्यात चित्र टिपायच्या दोन तऱ्हा होत्या, दोन्हींत चित्राच्या आडव्या ओळी एक हजार ऐंशीच. एकीत सगळ्या ओळी एकदम टिपल्या जातात. दुसरीत आधी एकाआड एक अर्ध्या, मग उरलेल्या. आमच्याकडे लग्न गावच्या केबलवर दाखवायची हौस, आणि केबलवाल्याला दुसरीच लागायची. मी तीच लावून ठेवलेली. उभ्या माणसाला तिनं काही होत नाही. नाचणारा मात्र दोन अर्ध्यांच्या मधल्या वेळात सरकतो, आणि थांबवलेल्या चित्रात तो दोन्ही जागी चिरफाळलेला दिसतो. निम्म्या ओळी काढून पाहिल्या. दाते गेले, पण चेहरा पाण्यात विरघळल्यासारखा झाला.

दुपारभर एकेक चित्र पुढं सरकवत बसलो.

"हे बी फाटकंच," मावशी स्टुलावरून म्हणायची. "ल्हानपनापासनं पायाला भिंगरी. गप उभा म्हून ऱ्हायचा न्हाई."

मग एका ठिकाणी तो उभा राहिला. सरळ कॅमेऱ्यात बघत. कपाळावरचा गुलाल, घाम, मिशीची कोवळी रेघ, सगळं लख्ख. आणि मला आठवलं. नवरदेवाच्या आड येतो म्हणून मी भर वरातीत त्याच्यावर ओरडलो होतो. काय बोललो तेही आठवलं. इथं लिहीत नाही. त्यानंतर तो नाचलाच नव्हता.

"ह्योच," मावशी उठून टीव्हीजवळ गेली. "तोंड का रं असं झालंय ह्याचं? कुनी बोललं व्हय?"

रिमोट माझ्या हातात होता. आवाज बंद होता.

"ऊन होतं, मावशी. डोळ्यांवर येत होतं."

"ऊन त्याला कदी लागलं न्हाई," ती म्हणाली. "मोठा काढ."

वर्षश्राद्धाला तिनं मला फोटोसमोरच बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. मी पानातून मान वर काढली नाही.