तिठ्यावरचं झाड

सोनाजी नाकेदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका जळक्या खुंटाला रामराम घालत होते. आमची बैलांची दमणी नांदुऱ्याहून निघून दुपारी रोहिणखेडच्या वेशीत शिरत होती. आम्हाला घ्यायला म्हातारा पुढं आलेला. डोक्याला लाल फेटा, हातात तेंदूची काठी. खुंटापुढं थांबून अदबीनं म्हणाले, "रामराम मास्तर, या!" आम्ही तिघं मागं दमणीत. वानखडे मास्तरांनी मला कोपरानं ढोसलं. मी खाकरलो, तसे बुवा वळले आणि अजिबात न ओशाळता म्हणाले, "इथं म्हसोबा आहे. त्याले बी रामराम, तुमाले बी रामराम." वाकून पाहिलं तर खुंटाच्या बुडाशी शेंदूर फासलेला एक दगड खरोखरच होता, जेमतेम लिंबाएवढा. आता 'मास्तर' म्हणाले ते म्हसोबाला की खुंटाला, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढंही या माणसाबद्दल मला धड असं काहीच कळलं नाही.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळची ही गोष्ट. मी खामगावला शाळेत सृष्टिज्ञान शिकवत असे, वानखडे गणित, आणि तिसरे देशपांडे कचेरीत कारकून. दिवाळीच्या सुट्टीत डोंगरात पायी हिंडायचं, हे खूळ वानखड्यांचं. साहेबलोक म्हणे हौसेनं असं हिंडतात. माझ्या बायकोनं विचारलं, "कुणाचा नवस आहे का?" म्हटलं, नाही. "मग गाडी असताना पायी कशाला?" पण एकदा ठरलं म्हणजे ठरलं. जंगलखात्यात तीस वर्षं नाकेदारी केलेले, घाटातलं पानन् पान ठाऊक असलेले वाटाडे म्हणून कुणीतरी सोनाजीबुवांचं नाव सांगितलं. पेन्शनीत निघूनही ते पाहुण्यांना डोंगर दाखवायला नेत.

निघायच्या सकाळी त्यांचा मुलगा किसन मला गोठ्यामागं घेऊन गेला. मोठा बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, पण बोलताना नजर खाली.

"गुरुजी, एक अर्ज आहे. बुढ्याले आता दिसत नाई. डोयावर पडदा आला. कबूल करत नाई. गेल्या साली अशीच पाहुनी मंडळी नेली अन् वाट चुकला. सारं गाव धुंडून राह्यलं होतं. या टायमाले चुकला त मी त्याले घरी बसवीन. काठी चुलीत घालीन. डोंगर बंद म्हंजे बंद."

"अरे, पण मी काय करू?"

"वापस आल्यावर सांगा, चुकला का नाई. तो मले सांगनार नाई. तुम्ही शिकलेले मानसं, तुम्ही खोटं बोलनार नाई."

मी होकारार्थी मान हलवली. मागं वळलो तर बुवा ओट्यावर बसून वहाणेचा अंगठा शिवत होते, बोटांनी चाचपत. त्यांनी ऐकलं असावं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "मास्तर, डोंगर गेला त मी जगून करू काय? लेकाच्या लेकराईले खेळवू? ते मले नाई जमत." आणि हसले. मला उगाच अपराध्यासारखं झालं. अजून मी काही केलेलंही नव्हतं.

पहिल्या दिवशी घाट चढताना मला वाटलं, किसन बापावर आळ घेतोय. बुवा असे चालत, जणू घरातून परसात निघालेत. दगड कुठं हलतो, पाणी कुठं आहे, सगळं आधी सांगत. "आता चिपडं येतीन, पाय उचलून टाका," म्हणाले की दहा पावलांवर मुरमाच्या चिपा हजर. आम्ही धापा टाकायला लागलो की, "घाई असन त घरी जा," आणि आम्ही आपापसांत वाद घालायला लागलो की, "पानी प्या, मंग भांडा." ही त्यांची दोन ठेवणीतली वाक्यं. देशपांडे कचेरीतल्या सवयीनं ती वहीत उतरवून घेत.

एक मात्र होतं. दर थोड्या वेळानं ते थांबत आणि आम्हालाच विचारत, "बोला, समोर काय दिसून राह्यलं?" मग प्रत्येकानं सांगायचं. लाल माती, दोन टेकड्या, गुरं, पळसाची रांग. वानखडे खूश. "पाहा, याला म्हणतात शिकवणं! आपण मुलांच्या डोक्यात कोंबतो, हे काढून घेतात." मीही मान डोलावली. मग मनात आलं, की अरेच्चा, हे आपल्या डोळ्यांनी चालताहेत की काय? आणि लगेच बुवा पुढून म्हणत, "देशपांडेसाहेब, बुटाची नाडी सुटली तुमची," आणि खरंच सुटलेली असे. आता ही नाडी त्यांना कशी दिसली? का नुसती पायाशी घासताना ऐकू आली? दोन दिवस मी हेच कोडं घोळवत चाललो. डोंगर कसला पाहतोय!

आता माझं सांगतो. सृष्टिज्ञानाचा मास्तर म्हणून मला झाडं ओळखता येतात असा दोघांचा समज होता, आणि तो समज मी जपत होतो. मला झाडं ठाऊक होती ती पुस्तकातल्या चित्रांची, एकेका पानाची. उभं झाड समोर आलं की माझी भंबेरी उडायची. पण वानखड्यांनी विचारलं रे विचारलं की मी ठोकून देई, "हा बेहडा, हा मोवई." पडताळून पाहणार कोण? बुवा ऐकत, हसत, काही बोलत नसत. मला वाटे, बरोबर असेल म्हणूनच गप्प आहेत.

दोन रात्री जंगलातल्या चौकीत काढून तिसऱ्या दिवशी आम्ही उतरायला लागलो. बुवा सकाळपासून खुशीत होते. "आज दिवस असतानी घरी. किसन्या पाह्यतच राह्यन," दोनदा म्हणाले. दुपारी एका तिठ्यावर आलो. बुवा थांबले.

"डाव्या अंगाले मोठं झाड आहे ना? पांढऱ्या अंगाचं? ते धावडा व्हय का सालई? धावडा असन त इथूनच उतरू. सालई असन त फर्लांगभर पुढं जाऊन उतरू."

झाड होतं. मोठं होतं, खोड पांढुरकं होतं. वानखडे आणि देशपांडे माझ्याकडं पाहत होते. 'मला नाही ठाऊक' एवढे तीन शब्द म्हटले असते तर काय बिघडलं असतं? देशपांडे हसले असते, शाळेत चार दिवस चेष्टा झाली असती. बस. पण माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "धावडा."

बुवा झाडापाशी गेले. खोडावर तळहात फिरवला, साल सोलून नाकाशी धरली, पुन्हा एकदा हुंगली. मग माझ्या दिशेला तोंड करून विचारलं, "मास्तर, पक्कं?"

"पक्कं."

"बरं," म्हणाले, आणि डावीकडं उतरले.

अर्ध्या तासात वाट संपली. पुढं कडा, खाली ओढ्याची घळ, तिन्ही बाजूंनी बोरीबाभळी. बुवा काठीनं जमीन ठोकत इकडून तिकडं गेले, तिकडून इकडं आले. त्यांचा फेटा काट्याला अडकून सुटला, तो त्यांना सापडेना. मी उचलून हातात दिला तर न बांधताच त्यांनी तो काखेत मारला. तीन दिवसांत पहिल्यांदाच तो माणूस मला म्हातारा दिसला. देशपांड्यांचं धोतर फाटलं, गुडघा फुटला. वानखडे चिडून म्हणाले, "आंधळ्याच्या मागं आलो आपण!" बुवांनी ऐकलं आणि काठी चढाकडं वळवली.

पुन्हा वर चढून तिठ्यावर आलो. दमून मी त्याच झाडाला हात टेकला आणि हात चिकटला. बोटांना डिंक लागला होता, आणि त्याला घमघमीत वास. संध्याकाळी देवापुढं धूप घालतात तसा. धावड्याचा डिंक आमच्या घरी दर थंडीत लाडवात पडतो, त्याला वास नसतो. एवढं तर मला स्वयंपाकघरातून ठाऊक होतं! झाड सालईचं होतं. आणि हाच वास बुवांनी दुपारी नाकाशी धरला होता.

मी बोटं पुसत राहिलो. बुवा शेजारी आले, पाण्याचा भोपळा पुढं केला. "पानी प्या, मास्तर." बस, एवढंच.

उतरेस्तोवर दिवेलागण झाली. पायथ्याशी किसन आणि चार माणसं हाका मारत वर येत होती. घरी ओट्यावर चहा आला. देशपांडे गुडघ्याला हळद लावून घेत होते. सगळ्यांसमोर किसननं मला विचारलं, "सांगा गुरुजी, बुढा चुकला का?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण आधी भिंतीशी टेकलेले बुवाच बोलले.

"मास्तरले काय इचारतं बे? मी सांगतो ना. चुकलो. मास्तरनं झाड बरोबर सांगतलं होतं. मलेच वाट नाई समजली."

आणि मी? मी चहा प्यालो. किसननं कोपऱ्यातली काठी उचलली आणि आत नेली.

मी तेव्हापासून विचार करतोय. वासानं त्यांना झाड कळलंच असणार. मग ते डावीकडं का उतरले? शिकलेल्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडावं म्हणून? की डोळे गेले तसा नाकावरचाही भरवसा गेला होता, आणि माझ्या एका 'पक्कं'नं उरलासुरला गेला? पहिलं असेल तर त्यांनी माझ्या अब्रूपायी डोंगर सोडला. दुसरं असेल तर तो मीच हिरावला. कसंही उलटून पाहिलं तरी गोष्ट माझ्यापाशीच येते. पत्र लिहायला चारदा बसलो. ते वाचून दाखवणार किसन, हे आठवून चारदा फाडलं.

दोन वर्षांनी कापूस घेऊन किसन खामगावला आला. डोकं भादरलेलं. शाळेच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उभा राहिला.

"बुढा गेला, गुरुजी. डोंगर बंद झाला तसा जेवनच तुटलं त्याचं. दिवसभर घाटाकडं तोंड करून बसे. कोनी शहरातून आलं की सांगे, आमच्या मास्तरवानी झाडं वळखनारा मानूस नाई." मग म्हणाला, "मले झोप नाई लागत. त्याले घरी बसवलं ते बरं केलं ना मी? तुम्ही त सोबत होते. तुम्ही डोयानं पाह्यलं."

खरं सांगावं, तर या पोराच्या हातून बाप विनाकारण कोंडला गेला असं होतं. नाही सांगावं, तर मी पुन्हा तोच मास्तर. की त्याची दया येते हे म्हणणंही माझ्याच सोयीचं?

"बरं केलंस," मी म्हणालो.

त्यानं डोळे पुसले, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि गेला.