माणक्याचं दावं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. देवापुढंसुद्धा नाही — त्याला ठाऊकच आहे, अशी मनाची समजूत घातली आणि गप्प बसले. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की नातू मोबाईलवर पुराचं पाणी दाखवायला येतो. मी म्हणते, चष्मा सापडत नाही. चष्मा गळ्यातच असतो.

सांगायचं आहे ते माझ्या सासऱ्यांचं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मी लग्न होऊन शिरोळ भागातल्या त्या गावात आले तेव्हा घरात मामा एकटेच; सासू आधीच गेलेली, नवरा पलटणीत. आणि माणक्या — आमचा एकुलता एक बैल. शेजाऱ्याचाही एकच. दोघांनी पैरा केलेला, म्हणजे आपापला बैल आणून जोडी करायची आणि दोघांचीही रानं नांगरायची. मामा माणसाशी बोलले की भांडल्यासारखं वाटायचं, आणि बैलाशी बोलताना लाजल्यासारखं. भाकरीचा पहिला तुकडा त्याचा. मला हसू यायचं. हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी पूर आला तेव्हा मामांच्या पायात काटा मोडून पाय भोपळ्याएवढा सुजला होता. माणक्या नदीकाठच्या मळीतल्या, म्हणजे गाळाच्या रानातल्या, छपरात बांधलेला. पाणी चढतंय म्हटल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, पळ. दावं तेवढं सोड. सुटल्याला बैल बुडत न्हाय, पाणीच त्याला काठाला लावतंय."

आमच्याकडं हे लहान पोरालाही माहीत. जनावर ओढून आणायच्या भानगडीत पडायचं नाही. दावं सोडायचं आणि बाजूला व्हायचं.

मी गेले — गेले तर खरी. बांधावरून छप्पर दिसत होतं. माणक्याच्या पोटाला पाणी लागलेलं. त्यानं मला बघितलं आणि हंबरला. भेदरून नाही, वैरण घेऊन आल्यावर हंबरायचा, तसा. आता आली, आता सोडेल... तसंच वाटलं असणार ना त्याला?

पुढं गावात मी सांगितलं की पाणी माझ्या छातीला लागलं होतं. नव्हतं. मी उभी होते तिथं पाणी गुडघ्याला होतं. छपरापर्यंत फार तर कमरेला आलं असतं. पण पाण्याचा आवाज असा होता, आणि मला पोहता येत नव्हतं, आणि — नाही, एवढंच. मी भ्याले. मी परत फिरले. तो हंबरत होता, मी मागं बघितलं नाही.

दारात मामा भिंतीला धरून उभे. "सोडलास?"

"व्हय."

त्यांनी मला हात जोडले. सासऱ्यानं सुनेला! तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही.

पाणी उतरलं तेव्हा छप्पर, खुंटा, खालचा काठ, सगळं नदीनं नेलेलं. म्हणून माझं खोटं टिकलं. मामा येईल त्याला सांगायचे, "सुनंनं जिवावर उदार हून बैल सोडला." बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. आणि मामा माणक्याला हुडकायला निघायचे. नदीकाठची खालची गावं पायी पालथी घातली. जयसिंगपूरचा जनावरांचा बाजार एकही चुकवला नाही. कपाळावर चांद, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं — कुणी पावणं भेटलं की विचारायचे. बाजाराच्या दिवशी मी त्यांना भाकरी बांधून द्यायचे. माझ्या हातानं.

दुसरा बैल घ्या म्हणून शेजाऱ्यानं किती समजावलं! "त्यो आल्यावर कुठं बांधू?" एवढंच म्हणायचे. शेवटी पैरा मोडला. मळी पडीक राहिली, मग दुसऱ्याला कसायला दिली. ज्या माणसाचा आवाज चार रानं ओलांडून जायचा, तो ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहिला. रोज वाटायचं, आज सांगू. सांगितलं तर बैलही जाईल आणि आशाही जाईल, असं म्हणून मी थांबायचे. खरं तर माझं कौतुक जाईल म्हणून थांबायचे.

एका थंडीत असेच कुठलातरी बैल बघून अवकाळी पावसात भिजून आले आणि छातीत कफ होऊन गेले. शेवटपर्यंत दावणीतली माणक्याची जागा त्यांनी झाडायला लावली. मी झाडायचे.

रक्षाविसर्जनाला निवद ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही शिवेना. नवरा रजेवर आला होता, त्यानं काय काय कबूल करून बघितलं. ऊन चढलं. मग शेजारी म्हणाला, "जीव बैलात अडकलाय. सूनबाईला म्हणू दे. तिनंच सोडल्याला त्यो."

सगळ्यांनी मला पुढं केलं. मी हात जोडले.

"मामा, माणक्याला आमी हुडकतो. घावस्तवर सोडत न्हाय."

शब्द संपायच्या आत कावळा खाली उतरला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्या माणसाशी मी दुसऱ्यांदा खोटं बोलले होते, आणि तेही त्यांनी खरं मानलं.