विहिरीतला बायकांचा दिवस

मे महिन्यात माहेरी खुटबावला गेलं की विहिरीवरचं पोहणं हा पुरुषांचा कार्यक्रम असायचा. भाऊ, चुलत्यांची पोरं, आलेगेले पाहुणे, सगळे ऊन चढलं की टॉवेल खांद्यावर टाकून निघायचे आणि थेट जेवायला परतायचे. डोळे लाल, बोटांना सुरकुत्या पडलेल्या, आणि भूक अशी की टोपल्यातल्या भाकरी बघता बघता संपायच्या. त्या भाकरी आम्ही थापलेल्या असायच्या. माझी विहीर म्हणजे वरून बघायची विहीर. लहानपणी काठावर पोटावर पडून आत डोकवायचं, भिंतीच्या कपारीतले पारवे बघायचे, आणि आई ओरडली की मागं सरकायचं. चाळिशी उलटली तरी माझं विहिरीशी नातं तेवढंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी शिरूरला ऑफिसात होते. कॅनॉलला पाणी सुटलं होतं, विहीर चांगली भरली होती.

"ताई, एक दिवस विहीर आपली," वहिनी म्हणाली. "बाया पवणार. बाप्यांनी तिकडं फिरकायचं न्हाई. मी घरात सांगून टाकलंय."

"आन् स्वैपाक?"

"तो बी तिथंच. आंब्याखाली चूल मांडू. तुम्ही फक्त आत्यांना घेऊन या. मासवडी त्यांच्याच हातची पायजे."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन न्हावऱ्याला आले तेव्हापासून मी त्यांना आत्याच म्हणते. त्यांच्यासारखी मासवडी आमच्या भागात कुणाला जमत नाही, हे सून म्हणून नाही, खाणारी म्हणून सांगते. पण माझ्या माहेरी त्या कधी मुक्कामाला आल्या नव्हत्या. लग्नकार्याला यायच्या, जेवायच्या आणि संध्याकाळच्या धारेच्या आत घरी. म्हशी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, असं त्या सांगायच्या आणि आम्ही सगळे ते खरं मानून चाललो होतो.

संध्याकाळी मी विषय काढला. आत्यांनी नकाराची मान हलवली. "धारा कोण काढंल?"

"मी हाय की," सासरे म्हणाले. त्यांना सगळे आबा म्हणतात. "तू लगीन करून यायच्या आधी म्हशी काय आपल्या आपण दूध देत व्हत्या व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आत्या तीळ भाजत होत्या. शेजारी सुकं खोबरं किसून ठेवलेलं, लसूण सोललेला. मी चहा ठेवला.

शनिवारी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते, शेजारी आत्या, मागं पुण्यात कॉलेजला असलेली माझी मुलगी. मासवडीच्या सारणाचा डबा आत्यांनी मांडीवर घेतला होता, तो डिकीत ठेवू देईनात. पारगावच्या पुलावर भीमा आली तशी त्यांनी काच खाली केली आणि पूल संपेपर्यंत पाण्याकडं बघत राहिल्या.

पुढं रस्त्याकडेला गुऱ्हाळ चालू होतं. तो वास आला आणि मुलीनं गाडी थांबवायलाच लावली. काहिलीतला गूळ नुकताच गार व्हायला पसरट वाफ्यात ओतला होता. उत्तरेकडून आलेल्या कामगारांपैकी एकानं उसाच्या कांडीवर गरम गूळ गुंडाळून आत्यांच्या हातात दिला.

"माताजी, गरम है, संभालके."

"गरमच पायजे," आत्या त्याला म्हणाल्या. "गार घरी हाय."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो मोकळेपणानं हसला आणि त्यानं दुसरी कांडी भरली. आत्यांनी दोन्ही संपवल्या. हनुवटीला गूळ लागलेला, आणि तो पुसायची त्यांना काही घाई नव्हती. त्यांना असं रस्त्यात उभं राहून खाताना मी पहिल्यांदाच बघत होते.

खुटबावच्या स्टेशनवर मी बोलावलेली माझी शाळेपासूनची मैत्रीण पॅसेंजरमधून उतरली. ती दौंडला दवाखान्यात नर्स आहे. एका हातात बेकरीतल्या खारीचा पुडा, दुसऱ्या हातात पिशवीत कलिंगड. गाडीत बसल्या बसल्या तिनं जाहीर केलं, "मी पाण्यात पाय घालणार नाही. कुणी बुडालं तर पोटातलं पाणी काढायला आलेय."

शेतात पोचलो तेव्हा वहिनीनं तीन दगडांची चूल पेटवली होती आणि आई आंबे पिळायला बसली होती. आमची विहीर दगडी बांधणीची. एका बाजूनं आत उतरायला पायऱ्या, समोरच्या भिंतीला मोटारीचा जाड पाइप. पाणी हिरवंगार आणि इतकं वर आलेलं की अर्ध्या पायऱ्या बुडाल्या होत्या. माझी मुलगी पुण्यात पूलवर पोहायला शिकलीय. तिनं चप्पल काढली, काठावरून धावत येऊन उडी मारली, आणि सगळे पारवे फडफडत बाहेर पडले. पाठोपाठ वहिनी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून पायऱ्यांवरून सरळ आत शिरली. तिच्या माहेरी मुलींनाही पोहायला शिकवतात.

मी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले. वहिनीनं माझ्यासाठी गोडेतेलाचा रिकामा कॅन आणि बांधायला जुन्या साडीची पट्टी आणून ठेवली होती. तो कॅन बघून मला लाज वाटली. एवढी बाई मी, ऑफिस सांभाळते, गाडी चालवते, आणि पाठीला डबा बांधून लहान पोरासारखी पाण्यात पाय झाडणार.

तेवढ्यात मैत्रीण माझा खांदा हलवत म्हणाली, "अगं, तुझ्या सासूबाई काय करतायत?"

आत्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट ओढून खोचला होता, पदर कमरेला गुंडाळला होता आणि गळ्यातलं काढून माझ्या आईच्या हातात देत होत्या.

"विहीणबाई, एवढं धरा. जरा भिजून येते."

"आत्या, बीपीची गोळी घेतली का?" मैत्रिणीनं घाबरून विचारलं.

"सकाळीच घेतली. बस तू खाली."

त्या एकेक पायरी उतरल्या. ओंजळीनं आधी डोक्यावर पाणी घेतलं, मग छातीवर. पाणी गळ्याशी आलं तशी त्यांनी पायरीला पाय रेटला आणि स्वतःला पुढं लोटून दिलं. दोन हात मारले, तोंडात पाणी गेलं, खोकत परत फिरल्या आणि पायरी पकडली. माझी मुलगी झपाट्यानं जवळ आली. "आज्जी, मला धरा."

"सर बाजूला," आत्या म्हणाल्या. "अंग इसरलंय. आठवंल त्याला."

दुसऱ्यांदा त्या निघाल्या आणि या खेपेला पाण्याचा आवाजच झाला नाही. मान वर, दोन्ही तळव्यांनी पाणी बाजूला सारत, पडदा बाजूला करावा तसं, त्या सावकाश विहिरीच्या मधोमध गेल्या. काष्ट्याचं निळं कापड पाण्यात फुगलं होतं. त्या पाइपापर्यंत पोचल्या, एका हातानं तो धरला, तोंडावरचं पाणी निपटलं आणि आमच्याकडं वळून अशा हसल्या की मला त्यांचं तरुणपणीचं तोंड दिसलं. आमच्या घरात त्यांचा लग्नाआधीचा एकही फोटो नाही.

"घोडनदीत पवत व्हते मी," त्या ओरडून म्हणाल्या. सगळी विहीर घुमली. "डोहात. भावांच्या म्होरं जायची!"

"आज्जी, कधी बोलला नाहीत!" मुलगी म्हणाली.

"न्हावऱ्यात बोलून काय करू? पाण्याच्या टाकीत पवू?"

वहिनी इतकी हसली की तिच्याच नाकात पाणी गेलं. आत्या परत आल्या आणि माझ्यासमोर गळाभर पाण्यात उभ्या राहिल्या.

"बांध तो डबा आन् ये."

आता मागं सरायला जागाच नव्हती. कॅन पाठीला बांधून मी उतरले. पायरी सुटली आणि खाली काही नाही हे कळलं. मी आत्यांच्या गळ्यातच पडले. त्यांनी माझे हात सोडवले, कठोरपणानंच.

"मला धरू नगंस. पाण्याला धर."

"पाणी कसं धरायचं आत्या?"

"मान ढिली सोड. तू मान ताठ करती म्हणून बुडती. घरात बी तसंच करती."

बाकीच्या हसल्या, मीही हसले, आणि हसताना मान सैल झाली. कॅननं मला उचललं. आत्यांनी हनुवटीखाली दोन बोटं धरली होती. हात पाणी बडवायला नाहीत, मागं सारायला आहेत, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मध्येच एक विरोळा, पाण्यातला साप, भिंतीकडेनं सळसळत गेला आणि काठावर पाय सोडून बसलेल्या मैत्रिणीनं किंकाळी फोडली. "त्यो न्हाई चावत," वहिनी म्हणाली, "त्यो बी पवायलाच आलाय." जेवायच्या आधी मी कॅनसकट समोरच्या पाइपाला हात लावून आले होते.

मग आत्या ओल्या केसांनीच चुलीपुढं बसल्या. उकळत्या पाण्यात हळद, मीठ, तिखट आणि बेसन. वहिनी घोटत होती आणि आत्या गुठळी शोधत होत्या. ओल्या फडक्यावर तो पिवळा गोळा थापून त्यावर तीळखोबऱ्याचं सारण पसरलं, फडक्यासकट गुंडाळी केली, चिमटून माशासारखा आकार दिला आणि फडकं काढून सुरीनं वड्या पाडल्या. बाजूला काळ्या मसाल्याचा रस्सा रटरटत होता, वर बोटभर तर्री. आईनं बाजरीच्या भाकरी केल्या, कुरडया तळल्या. गावरान आंब्याचा रस पातेलंभर.

त्या दिवशीसारखी भूक मला पूर्वी कधी लागली नव्हती. पाण्यातून निघालेल्या माणसाला कशी भूक लागते ते मी इतकी वर्षं फक्त वाढताना बघितलं होतं. मी भाकरी रश्शात कुस्करली, वर मासवडी मोडली, आणि नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लं. मग वाटीभर रस, मग पुन्हा रस्सा. कुणी कुणाला वाढत नव्हतं. जिला हवं ती हात लांबवत होती. आई आत्यांना म्हणाली, "विहीणबाई, हे सारण मला शिकवा." आत्या म्हणाल्या, "तुम्ही आधी पाण्यात या, मग शिकवते." आईनं तो विषय तिथंच सोडला.

आंब्याखाली सतरंजीवर लवंडलो, गप्पा मारल्या, डोळा लागला. उन्हं कलली तेव्हा आत्या माझ्या उशाशी उभ्या होत्या. हातात कॅन नव्हता.

"चल."

"डबा?"

"डब्याचं काम झालं."

मी उतरले. मुलगी पाइपाजवळ थांबली, वहिनी मधे, आत्या माझ्या बाजूला, पण हात न लावता. मी पायरीला पाय रेटला. पहिल्या क्षणी बुडालेच. नाकातोंडात पाणी, कानात गडगड, हिरवा अंधार. वर आले तर आत्यांचा आवाज आला, "मान!" मी मान सोडली. पाणी मागं सारलं. पुन्हा सारलं. आणि एकदम कळलं की मी बुडत नाहीये. कुणी धरलेलं नाही, पाठीला काही बांधलेलं नाही, आणि तरी मी पाण्याच्या वर आहे, माझ्या स्वतःच्या हातांनी. आकाशाचा गोल तुकडा माझ्या डोक्यावर होता, आणि जिथं पडून मी लहानपणी डोकवायचे तो काठ आता मला खालून दिसत होता. मी पाइपाला हात लावला आणि ओरडले. काय ओरडले ते माहीत नाही. मुलीनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी पुन्हा बुडालो.

"आली गं माझी बाय!" आत्या ओरडल्या. वर मैत्रीण शिट्ट्या वाजवत होती. तिला शिट्टी येते हे मला शाळेपासून माहीत होतं, पण इतकी मोठी येते हे माहीत नव्हतं.

मी परत फिरले, पायरीपर्यंत आले, पुन्हा गेले. हात भरून आले तरी थांबवेना. तिसऱ्यांदा परतले तेव्हा पायऱ्यांवर आई उभी होती. तिनं बांगड्या मागं सारल्या होत्या आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली होती. आयुष्यभर मला या विहिरीपासून मागं ओढणारी माझी आई एक पायरी उतरली, थांबली, मग आणखी एक. पाणी घोट्याला लागलं तसा तिनं श्वास आत ओढला.

"गार हाय गं," ती म्हणाली.

"आत चांगलं हाय," मी म्हणाले आणि हात पुढं केला.

एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं आत्या, अशी तिला आम्ही कमरेइतक्या पाण्यात आणली. तिथं ती खाली बसली, गळ्यापर्यंत, आणि डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी. मग तिनं एक डोळा उघडला, दोन्ही हातांनी पाणी उडवलं, ते थेट माझ्या आणि आत्यांच्या तोंडावर, आणि खुदकन हसली. आम्ही तिला सोडलं नाही. तिनंही बाहेर काढा म्हणून सांगितलं नाही.