घोंगडीचा पडदा आणि टोलचा पूल

त्या सकाळी मी चूल सारवली, दोन भाकऱ्या आणि झुणका फडक्यात बांधला, आणि अंगणात झटकलेला पडदा घडी करून आमच्या ह्यांच्या हातात दिला.

त्या पडद्यानंच त्यांचा जीव घेतला.

पडदा मी शिवला होता. जुन्या घोंगडीचा.

आज त्यांची तिथी. पुतण्याच्या नातीनं फोनवर मला हे पान उघडून दिलंय. एका बोटानं लिहिते. उशीर लागतो, पण घाई कुणाला आहे?

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. आम्ही आष्ट्याला राहायचो. हे सातारा-सांगली सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते.

पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागं न्हाणीतल्या बंबासारखी टाकी, तिच्यात कोळसा पेटवायचा. गॅसची नळी ड्रायव्हरच्या पायाजवळून इंजिनात जायची.

एकदा इंजिन बंद पडलं की पुन्हा चालू करायला कोळसा फुलवायचा पंखा फिरवून फिरवून हात मोडायचे. म्हणून गाडी उभी असली तरी इंजिन कुणी बंद करत नसे.

वाटेत कृष्णेवर टोलचा लांब पूल. अरुंद. एका बाजूच्या गाड्या गेल्या की मग दुसऱ्या बाजूच्या सोडायच्या. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजू उघड्या, आणि थंडीत नदीवरचा वारा.

हे म्हणायचे, "बोटं स्टेअरिंगला चिकटत्यात बघ."

"मग गाडी जोरात काढावी."

"जोरात? म्होरनं बैलगाडी आली म्हंजे कृष्णामाईच्या पोटातच की!"

मी घोंगडी फाडली आणि दोन्ही बाजूंना पडदे शिवून दिले.

स्टँडवर सगळे हसले. मारुतीभावजी, ह्यांचे जोडीदार ड्रायव्हर, सगळ्यात पुढं. "काय दत्तू, नव्या नवरीवानी मेण्यात बसून निघालास व्हय रं?"

आठ दिवसांत तेच आमच्या दारात. "वैनी, आमालाबी शिवा की. लय गार लागतंय."

मी आणखी दोन गाड्यांचे पडदे शिवले. मला फार बरं वाटलं होतं.

त्या सकाळी पुलावर समोरून उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. नाकेदारानं ह्यांची मोटार थांबवली. पॅसेंजर खाली उतरून उन्हाला बसले. हे पडदे सोडून आत बसून राहिले.

रांग संपली. नाकेदार ओरडला, "हाका आता!"

इंजिन चालू होतं. गाडी हलली नाही.

दुपारी त्यांना घरी आणलं. अंगावर एक ओरखडा नव्हता. झोपल्यासारखे दिसत होते.

घाटावरून माणसं परतली आणि ओसरीवर बसली. नाकेदारही आला होता. पहिल्या लढाईत पलटणीत जाऊन आलेला म्हातारा. मी आत होते, सगळं ऐकू येत होतं.

"पडदा उचलून डोस्कं आत घातलं, तर माजंच डोस्कं गरगरलं. नळीतनं गळनारा कोळशाचा गॅस हाय त्यो. आत वारं पायजे हुतं. मारुती, तुजा पडदा काढ."

"हळू बोला, आवं. वैनी ऐकतील." मारुतीभावजींचा आवाज.

"ऐकू दे."

"दत्तूचं आयुष्यच तेवडं हुतं. आन् वैनींनी हातानं शिवलेला पडदा म्या आज काढला, तर त्याचा अर्थ काय हुतो? त्यांनी जगायचं कसं? म्या न्हाई काढनार."

"उद्या पहाटं गाडी हाय न्हवं तुजी?"

"हाय. पडदा लावूनच जानार."

भला माणूस. माझ्या मनाला लागू नये म्हणून त्याच पडद्याआत बसायला निघाला होता.

वाचायला मी पुढं शिकले, किराणाच्या पुड्यांच्या कागदांवरून. फार वर्षांनी एका कागदावर या गॅसबद्दल वाचलं. माणसाला कळत नाही, नुसती गुंगी येते, असं लिहिलं होतं. दोनदा वाचलं. म्हणजे त्यांना त्रास झाला नसावा. एवढं मला पुरलं.

पण त्या दिवशी ठाऊक होतं ते नाकेदाराकडून ऐकलेलं तेवढंच. मी सासूबाईंना म्हटलं, "मला उद्या स्टँडवर जायचंय."

"तेरा दिस उंबरा वलांडायचा न्हाई. लोक काय म्हनतील?"

ओसरीवरचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. तशाच बोलल्या.

"मारुतीलाबी आई हाय. जा."

तर अहो, तुमची आठवण अशी चार माणसांत आज पहिल्यांदाच सांगितली. जिथं असाल तिथं बरे असा. माझा नमस्कार.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, मारुतीभावजींची गाडी सुटण्याआधी, मी स्टँडवर गेले आणि दोन्ही गाड्यांचे पडदे माझ्या हातानं उसवून काढले.